ही भेग माझी नाही

त्या इमारतीची केस मी मुद्दाम कधी काढत नाही. तरी ती आपली आपणच डोक्यात येते. नोकरीत मी पुष्कळ पाहिलं. तलावातून काढलेली प्रेतं पाहिली, सख्ख्या भावाने भावावर चालवलेला कोयता पाहिला. पण धक्का म्हणावा तसा धक्का मला एका चांगल्या सुटलेल्या केसने दिला. न सुटलेल्या केसचं दुःख सगळ्यांना कळतं. सुटलेल्या केसने हादरलेला माणूस लोकांना जरा विचित्र वाटतो.

मी मध्य प्रदेश पोलिसांतून टीआय म्हणून, म्हणजे ठाण्याचा प्रभारी म्हणून, भोपाळमध्ये निवृत्त झालो. घर मूळचं उज्जैनचं, मराठी. वडील कापड गिरणीत कामाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. हे मी मिरवायला सांगतो आहे, आणि मिरवायची मला लाज वाटत नाही.

तर भूकंप. भोपाळला भूकंप म्हणजे लोकांना गंमतच वाटायची. दुपारची वेळ होती. ठाण्यात रोजनामचा, म्हणजे ठाण्याची नोंदवही, लिहीत बसलेला मुन्शी ओरडला, "साब, टेबल कौन हिला रिया है?" कोणीच हलवत नव्हतं. जप्तीचा माल ठेवायच्या मालखान्याच्या दाराची साखळी वाजली, कपाटावरचा वायरलेसचा जुना चार्जर खाली पडला, आणि तेवढ्यात सगळं थांबलं. शहरात कुणी दगावलं नाही. पण बऱ्याच इमारतींना लहानमोठ्या भेगा गेल्या आणि लोक घाबरले.

इतक्या इमारती तपासायला तितके इंजिनियर कुठून आणायचे? म्हणून प्रशासनाने एका खासगी कंपनीला काम दिलं. कंपनीने मोबाइलवर ॲप आणलं. लोकांनी आपल्या इमारतीच्या खांबांचे, तुळयांचे, भिंतींचे फोटो काढून त्यात टाकायचे. कंपनीच्या मशीनला आधी देशोदेशीच्या भूकंपात मोडलेल्या काँक्रीटच्या इमारतींचे हजारो फोटो दाखवून शिकवलेलं होतं की अशी भेग किरकोळ, अशी भेग धोक्याची. ते मशीन नव्या फोटोंकडे बघून रंग सांगायचं. हिरवा म्हणजे राहा. पिवळा म्हणजे इंजिनियर येऊन बघेल. लाल म्हणजे घर खाली करा.

मला ते पटलं होतं. नवा शिपाई असाच शिकतो. चार वर्षं जुन्या हवालदाराबरोबर फिरतो, चोर कसा चालतो ते बघतो, मग एक दिवस गर्दीत बरोबर हात घालतो. फरक एवढाच की शिपायाला दाखवलेलं नसेल तेही तो कधी कधी वास घेऊन ओळखतो.

धक्क्यानंतर दोन महिने उलटले असतील. एक म्हाताऱ्या बाई ठाण्यात आल्या. सुती साडी, पायात कापडी बूट, हातात छत्री. निवृत्त शाळामास्तरीण होत्या हे त्यांनी सांगायच्या आधीच कळलं, कारण आल्या आल्या त्यांनी बाकावर रेललेल्या दोन शिपायांकडे बघितलं आणि ते दोघे सरळ बसले.

माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणाल्या, "अहो, तुम्ही मराठी दिसता."

"उज्जैनचा, काकू. बसा."

"बसायला आले नाही. माझ्या भिंतीला भेग आहे. तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे."

माझा हवालदार, पक्का भोपाळी, मागून म्हणाला, "मैडम, दरार के ख़िलाफ़ एफआईआर? उसका पता क्या लिखें?"

"हसू नका," काकू म्हणाल्या. "वर्गात असं हसणाऱ्याला मी बाकावर उभं करत असे."

मग त्या बसल्या आणि सगळं नीट सांगितलं. शाहपुऱ्याच्या बाजूला चार मजली इमारत, खाली खांबांवर मोकळं पार्किंग. काकूंचे यजमान साताऱ्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी इथला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. यजमान गेले. मूलबाळ नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मनात इमारत पाडून तिथे टॉवर बांधायचं होतं, प्रत्येकाला मोठा फ्लॅट मिळणार होता. सगळ्यांनी सह्या केल्या, काकूंनी केली नाही.

"नवी इमारत उभी राहीपर्यंत मी उभी राहणार आहे का?" त्या म्हणाल्या. "तोवर मला कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत मरायला लावणार. मला माझ्या घरात मरायचं आहे, एवढीच मागणी आहे."

भूकंपानंतर त्यांच्या घरात एकही भेग नव्हती. मग त्या भाचीच्या लग्नाला ग्वाल्हेरला गेल्या. जाताना तुळशीला पाणी घालायला म्हणून किल्ली सेक्रेटरीच्या बायकोकडे दिली. परत आल्या तर बेडरूमच्या भिंतीवर ही एवढी तिरकी भेग, आणि सोसायटीच्या दारावर लाल कागद. मशीनने इमारत धोकादायक ठरवली होती. बाकीची सगळी कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली होती. काकू एकट्या चार मजल्यांत राहत होत्या. वीज आठवड्याभरात कापणार होते.

"भूकंप एकदा येतो आणि भेग मी लग्नाला गेल्यावर येते?" त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले आहात ना?"

तो प्रश्न मला लागला. मी जीप काढली.

घरफोडीच्या केसमध्ये आम्ही एक गोष्ट सगळ्यांत आधी बघतो. भिंतीला भोक पाडलं असेल तर ढिगारा कुठे पडलाय? आत पडला असेल तर चोर बाहेरून आला. बाहेर पडला असेल तर घरातल्याच कुणाचं तरी काम आहे. काकूंच्या घरात झाडू रोज फिरत होता, तिथे काही कळणार नव्हतं. मी तिसऱ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट उघडायला लावला. मालक पुण्याला, दोन वर्षांत आला नव्हता. जमिनीवर धुळीचा जाड थर. भिंतीवर मोठी इंग्रजी एक्ससारखी भेग. आणि भेगेखाली धुळीत एक कण चुन्याचा नाही, सिमेंटचा नाही. दारापासून त्या भिंतीपर्यंत मात्र बुटांचे ठसे, जाणारे आणि येणारे.

मी भेगेत नख घातलं. नख आत गेलंच नाही. वरच्या पुट्टीत ब्लेडने चर कोरून आत काळपट रंग भरलेला होता.

हवालदार जवळ आला, बराच वेळ त्या भिंतीकडे मान वाकडी करून बघत राहिला. "साब," तो म्हणाला, "ये शूटिंग वाला काम है."

भोपाळला हल्ली पिक्चर आणि वेब सिरीजवाल्यांची ये-जा असते. बंदोबस्ताला आमची माणसं जातात. हवालदाराने एका सेटवर प्लायवूडची पडकी हवेली बघितली होती, तिच्या भेगांनाही शेवटी असेच तीन बारीक फाटे फुटलेले होते, कोंबडीच्या पायासारखे. दोन दिवसांत त्याने सेटला प्लाय पुरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून खबर आणली. त्या हवेलीचा रंगारी महिन्यापूर्वी आमच्या सेक्रेटरीच्या गाडीत बसून शाहपुऱ्याकडे जाताना दिसला होता.

रंगाऱ्याला बोलावून घेतलं. डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटात कडं, बसण्याची ऐट अशी की ठाणं त्याच्या सेटचा भाग आहे.

"साब, अपन तो कलाकार आदमी हैं. दरार-वरार से अपना क्या लेना?"

चौकशीत ओरडून फार काही निघत नाही, हा माझा अनुभव. माणसाला कशाचा गर्व आहे ते शोधायचं. मी त्याच्याशी बोललोच नाही. फोटो टेबलावर पसरले आणि हवालदाराला म्हणालो, "काय हो, हे कुणी शाळेतल्या पोराकडून करून घेतलेलं दिसतं. एकदम कच्चं काम."

हवालदार मुरलेला. "हओ साब, मेरे गाँव की रामलीला में इससे अच्छा परदा बनता है."

चष्मा खाली आला. "कच्चा? कच्चा काम? अरे साब, इसपे मशीन धोखा खा गई! पूरी बिल्डिंग लाल कर दी उसने!"

त्यानंतर त्याला थांबवावं लागलं. ब्लेड कुठलं, पुट्टी कुठली, भुकटी खाली पडू नये म्हणून कागद कसा धरला, काळपटपणा आणायला चहाची भुकटी आणि शाई कशी मिसळली, सगळं त्याने हौसेने सांगितलं. भूकंपाच्या भेगा कशा असतात ते त्याने मोबाइलवर बघून गिरवलं होतं. सेक्रेटरीने किल्ल्या दिल्या आणि फोटोही सेक्रेटरीनेच ॲपवर टाकले. काकूंच्या घरात सेक्रेटरी स्वतः दाराशी उभा होता.

सेक्रेटरी मंडीदीपच्या कारखान्यांना मशीनचे सुटे भाग पुरवणारा, गोड बोलणारा गृहस्थ. अटक करायला गेलो तेव्हा त्याने आधी आम्हाला सरबत विचारलं. मग म्हणाला, "सबका भला ही कर रहा था, टीआय साहब. एक बाई अड़ के बैठी थी."

गुन्हा दाखल झाला. वर्तमानपत्रांत आलं, मशीनला फसवणाऱ्यांचा डाव उधळला. एसपी साहेबांनी फोन करून पाठ थोपटली. काकू नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या, हवालदाराला दोन जास्त दिल्या आणि म्हणाल्या, "भेगेचा पत्ता सापडला ना तुम्हाला?" बाहेर राहायला गेलेल्या कुटुंबांचे फोन सुरू झाले. भेगा खोट्या आहेत तर आम्ही घरी का जाऊ नये? मी म्हणालो, लाल कागद निघू दे. पण स्वतःचं घर असून भाडं भरणारा माणूस कागदाची वाट बघत नाही. दोन-तीन कुटुंबांनी टेम्पो ठरवले. मी त्यांना अडवलं नाही. अडवायला कारण काय होतं? मीच तर सिद्ध केलं होतं की इमारत ठीक आहे. निदान मला तसं वाटत होतं.

आरोपपत्रासाठी एक काम उरलं होतं. मशीनने ज्या फोटोंवरून इमारत लाल ठरवली त्यातली प्रत्येक भेग रंगाऱ्याने आपली म्हणून ओळखायची. कंपनीने त्यासाठी त्यांची एक इंजिनियर पाठवली. इंदूरची मराठी मुलगी, आधी सिव्हिल शिकलेली, मग या मशीनच्या कामाकडे वळलेली. तिने लॅपटॉप उघडला. मशीनने फोटोत नेमकं कुठे बघून निर्णय घेतला ते तिला दाखवता येत होतं. फोटोच्या त्या भागावर लालसर डाग उमटायचा.

"म्हणजे आरोपीने बोट कुठे दाखवलं ते," मी म्हणालो.

"तसंच, सर. पण जपून. हे नेहमी बरोबर नसतं. एकदा याने झाडाच्या सावलीला भेग म्हटलं होतं."

रिमांडमधला रंगारी स्टुलावर बसला. एकेक फोटो येत होता, आणि डाग बरोबर त्याच्या भेगेवर पडत होता. तो खुश होता. "मेरी. ये भी मेरी. ये देखो साब, इसमें अंगूठे से घिसा है, क्या नेचुरल आया है!"

मग पार्किंगचा एक फोटो आला. मधोमध भिंतीवर भेग होती.

"मेरी," तो म्हणाला, आणि थांबला. "पर ये लाल उधर काहे को है?"

डाग भेगेवर नव्हताच. फोटोच्या कडेला, कोपऱ्यातल्या खांबावर होता.

"ये वाली मेरी नहीं है, साब."

मी म्हणालो, "फोटोत जे आहे ते सगळं तुझंच."

"कसम से नहीं. उधर भगवान लगे हैं. भगवान के ऊपर मैं ब्लेड चलाऊँगा?"

मुलगी म्हणाली, "सर, असं होतं कधी कधी. मशीनचा गोंधळ असतो." पण ते म्हणताना ती फोटो मोठा करत होती.

मी त्या माणसाकडे बघत होतो. शिक्षा कमी व्हावी म्हणून खोटं बोलणारे मी शेकडो बघितले. पण इतक्या सगळ्या भेगा हौसेने आपल्या म्हणणारा माणूस एका भेगेसाठी खोटं का बोलेल? त्यात त्याचा काय फायदा? मी लॅपटॉपवर वाकलो. फोटोत खांबावरच्या देवांच्या टाइल्सच्या वर वीतभर प्लास्टर दिसत होतं आणि त्यात एक बारीक उभी रेघ, तपकिरी. टाइल्सची रांग मध्ये जराशी फुगलेली.

"चला," ती म्हणाली. लॅपटॉप तसाच उघडा राहिला.

हा खांब पार्किंगच्या तोंडाशीच होता. पहिल्या दिवशी मी जीप त्याच्याच सावलीत लावली होती. आमच्या शहरात पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांपासून कोपरे वाचवायला लोक देवांच्या टाइल्स लावतात. इथेही गणपती, साईबाबा, मक्का-मदिना आणि येशू ओळीने कमरेपर्यंत लावलेले होते. माणूस कुठलाही असो, थुंकायला जागा राहू नये. खाली झेंडूची दोन फुलं आणि उदबत्तीची राख होती. पलीकडे एका टेम्पोतून फ्रीज उतरवत होते. एक कुटुंब सकाळीच परतलं होतं, दुसरं परतत होतं.

मुलीने पिशवीतून छोटा हातोडा काढला. तेवढ्यात काकू खाली आल्या.

"हे काय? देवाला हातोडा लावणार?"

"नाही काकू, नुसतं बोटाने वाजवून बघते."

"आधी चप्पल काढ."

मुलीने चप्पल काढली. बोटाने ठोकलं. पोकळ आवाज आला, रिकाम्या डब्यासारखा. दुसऱ्या टाइलवर तोच, तिसऱ्यावर तोच. तिने काकूंकडे बघितलं. काकूंना तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्यांनी हात जोडले, पदर खोचला आणि गणपतीच्या टाइलच्या कडेला स्वतः बोटं घातली.

टाइल सहज हातात आली. तिच्याबरोबर शेजारच्या दोन खाली पडल्या, आणि त्यांच्या मागून काँक्रीट ओघळलं. ओघळलं हाच शब्द. चहात बुडवलेल्या टोस्टसारखं ते ओलं, काळं, मऊ होऊन खाली पडत राहिलं. आतल्या सळया गंजून पेन्सिलीपेक्षा बारीक झाल्या होत्या आणि धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या होत्या. ओल्या लोखंडाचा वास आला. चार मजले त्याच्यावर उभे होते आणि आम्ही चार मजल्यांखाली उभे होतो.

मुलगी एक पाऊल मागे सरकली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, सगळ्यांना बाहेर काढा. पळापळ नको, पण आत्ता."

मी ओरडलो. टेम्पोवाला हसला. फ्रीज धरलेला माणूस म्हणाला, "अरे साब, आपने ही तो कहा था दरारें नकली हैं!"

मी टेम्पोकडे धावलो. तेवढ्यात माझ्या मागून असा आवाज आला की मी स्वतः दचकलो. काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून वर बघत ओरडत होत्या, "सामान राहू दे! माणसं खाली! एकामागे एक! तू, ते टीव्हीचं खोकं ठेव खाली, ठेव म्हणते ना!"

फ्रीज तिथेच राहिला. लोक उतरले. ज्या बाईने मरेन तर याच घरात मरेन म्हणून सगळ्या सोसायटीशी वैर घेतलं होतं, तिने शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत घराकडे वळूनही बघितलं नाही. मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं तेव्हा गणपतीची टाइल अजून त्यांच्या हातात होती.

रस्ता बंद केला. सरकारी इंजिनियर आले, लोखंडी टेकू आले. खांबाभोवती टेकू लागले.

समोरच्या फुटपाथवर मुलगी आराखडा बघत स्वतःशीच म्हणाली, "इथे नळ नाही, पाइप नाही, वर बाथरूमही नाही. मग इतकं पाणी आलं कुठून?"

"मी घालते," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"रोज सकाळी. आधी लोक टाइल्सवरसुद्धा थुंकायचे, म्हणून धुवायची. धुता धुता पूजा व्हायला लागली. तांब्याभर पाणी, सणाला दूध. हे गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही." त्या कुणाच्या तरी स्कूटरवर टेकल्या. "म्हणजे माझंच घर मी..."

मला वाटलं, ही पोरगी आता काही तरी समजुतीचं बोलेल. मीही तेच करणार होतो.

"एकट्या पाण्याने हे होत नाही, काकू," ती म्हणाली. "काँक्रीट मुळात कच्चं होतं. सळया अगदी वरच्यावर होत्या. भूकंपाने शेवटचा धक्का दिला."

"पण पाणी मी घातलं."

"हो," मुलगी म्हणाली. "टाइल्सच्या सांध्यांतून ते आत गेलं."

काकूंनी मान हलवली. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मुलीचा हात मात्र त्यांनी धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग विचारलं, "आणि तुझ्या मशीनला ते दिसलं कसं? आम्हाला कुणाला दिसलं नाही. मी तर रोज समोर उभी असायची."

"त्याला देव ओळखायला शिकवलेलंच नाही, काकू. फुगलेली रेघ तेवढी ओळखता येते त्याला."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला कोर्टात न्यायचं होतं. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. कोठडीतून बाहेर येताना हसत म्हणाला, "टीआय साहब, हमने तो सबकी जान बचाई. इनाम दो, हथकड़ी क्यों?"

उत्तर हवालदाराने दिलं. "भैया, जान बचानी थी तो खंभा दिखाते. तुमने तो दीवार पे मुर्गी के पैर बनवाए."

पण खरं सांगतो, त्याचं ते हसणं माझ्या डोक्यात बसलं. त्याच्या खोट्या भेगांनी इमारत रिकामी केली होती आणि माझ्या खऱ्या तपासाने ती पुन्हा भरायला घेतली होती. टेम्पो उतरत होता त्या सकाळी तो खांब बसला असता तर? हा विचार मला आजही पुरा करवत नाही.

इमारत पाडली. काकू अरेरा कॉलोनीत एका ओळखीच्या घरी तळमजल्यावर भाड्याने राहायला गेल्या. पुरवणी जबाब घेताना मी पाण्याचा विषय टाळत होतो. गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि बचावाच्या वकिलाला आयतं हत्यार मिळालं असतं. काकूंनी मुन्शीचं लिहिणं बारकाईने बघितलं आणि म्हणाल्या, "पाण्याचं राहिलं. लिहा."

"काकू, त्याची गरज नाही."

"गरज तुम्ही ठरवू नका. लिहा."

लिहिलं. आणि मला भीती होती तेच झालं. केस उभी राहिली तेव्हा सेक्रेटरीच्या वकिलाने त्यांना पिंजऱ्यात चांगलंच घेरलं. इमारत धोक्याची होती हे खरं? खरं. माझ्या अशिलाने ती धोक्याची आहे असंच सांगितलं होतं, खरं? खरं. आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होता की इमारत ठणठणीत आहे? खरं. आणि तोच खांब तुमच्याच पाण्याने कुजला? खरं. मग खोटं कोण बोललं, मॅडम, माझा अशील की तुम्ही?

मी मागच्या बाकावर होतो. साक्षीदाराला मदत करता येत नाही, नाही तर मी उठलो असतो.

काकूंनी चष्मा पुसला. मग न्यायाधीशांकडे वळून शुद्ध हिंदीत, वर्गाला समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "मैं गलत थी. ये झूठा था. मुझे पता नहीं था कि इमारत गिरेगी. इसे भी पता नहीं था. मगर मैंने जो माना वही कहा. इसने जो कहा, उसे ये खुद भी नहीं मानता था."

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे टाइप करून घ्यायला सांगितले. निकाल लागायचा आहे. अपिलंही होतील. मी मात्र निवृत्तही झालो.

आरोपपत्राच्या एवढ्या पानांत मला जे लिहिता आलं नव्हतं ते त्या मोजक्या वाक्यांत आलं. सगळं आयुष्य मी खोटं पकडण्याचा पगार घेतला, आणि मला वाटायचं की खोटं पकडलं की त्याच्या उलटं जे असेल ते खरं. भेगा खोट्या, म्हणजे इमारत मजबूत. इतका सरळ हिशेब मी केला आणि मीच नाही, एसपींपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांनी केला. रंगाऱ्याने सांगितलं नसतं तर त्या हिशेबाखाली माणसं झोपली असती.

त्यानंतर नोकरीची जेवढी वर्षं उरली होती त्यांत एकही केस मी कबुलीजबाबावर थांबवली नाही. आरोपी म्हणाला, होय, मी खोटं बोललो, की माझे शिपाई फाइल बांधायला घ्यायचे. मी म्हणायचो, थांबा. तो खोटं बोलला ते कळलं. आता खरं काय आहे ते जाऊन बघू.